बहिणीचं पोट दोनदा पडलं, आता दिवस राहत नाहीत : दोष अंगात की कामात?

धारूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. धाकटी बहीण २३ वर्षांची. लग्न १६व्या वर्षी झालं आणि त्याच दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. तेव्हापासून दर हंगामाला जाते. दोनदा पोट पडलं, एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा साडेपाच महिन्यांचं, दोन्ही वेळा उसाच्या फडावर असताना. त्यानंतर तीन वर्षं झाली, दिवसच राहिले नाहीत. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. एका डॉक्टरांनी गर्भाची पिशवी खराब झाली आहे, काढून टाका असं सांगितलं. दुसऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचा दोन लाखांचा खर्च सांगितला. सासरी दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू आहे. ताई विचारतात, दोष तिच्या अंगात आहे, की कामामुळे आणि गरिबीमुळे असं होतं?

ताई, आधी पिशवीचं बोलते, कारण ती गोष्ट एकदा झाली की परत फिरवता येत नाही. २३ वर्षांच्या, एकही मूल नसलेल्या मुलीची पिशवी पांढरं जातं म्हणून काढायची नसते. पांढरं जाण्यामागे पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ असं सांगून घाबरवलं असेल तर तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तोवर कुठेही सही किंवा अंगठा देऊ नका.

आपल्या बीड जिल्ह्यात हे किती झालंय ते सगळ्या महाराष्ट्राने २०१९ मध्ये वाचलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा आकडा शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. पण ज्या कारणांनी बायका टेबलावर येत होत्या, ती कारणं अजून तशीच आहेत. पाळीत काम होत नाही, काम झालं नाही की खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरीही गेली आणि वरून दंडही लागला. तिशीच्या आतल्या बायका मला स्वतः म्हणाल्या आहेत, ‘मॅडम, काढून टाका, कटकट नको.’ त्यांना मी दोष देत नाही. ज्या बाईला पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, तिला पिशवी ओझंच वाटणार.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी गेली २४ वर्षं याच भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझं उत्तर असं आहे की पहिलं पोट कशामुळे पडलं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. दुसऱ्यामागे कामाचा, रक्त कमी असण्याचा हात असण्याची शक्यता मोठी आहे. आणि नंतर दिवस न राहण्याचं कारण बहुधा त्या पडलेल्या पोटाची देखभाल न होण्यात सापडेल. तिन्ही वेगवेगळं समजून घ्या.

दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरातले दहा-पंधरा गर्भ पडतात. बंगल्यात राहणाऱ्या बाईचेही पडतात. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्मे तरी असे असतात की बीज जुळतानाच गुणसूत्रांत चूक झालेली असते, आणि असा गर्भ बाई अंथरुणावर पडून राहिली तरी टिकत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण बहीण रोज स्वतःला विचारत असेल, ‘त्या दिवशी मी मोळी उचलली नसती तर?’ तिसऱ्या महिन्यातल्या त्या गर्भाचं ओझं तिने आयुष्यभर वाहू नये.

साडेपाच महिन्यांचं पोट पडणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे बाईचं शरीर आणि तिच्याभोवतीची परिस्थिती फार बोलते. तुम्हाला फड माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक, मग कोपीपासून, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीपासून, फडापर्यंत चालत जायचं. नवरा तोडतो, बायको वाढे (उसाचे शेंडे) काढते, मोळी बांधते, आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. गाडी रात्री आली तर भराई रात्री. टनाला साडेतीनशे रुपयांच्या आसपास दर, तो दोघांचा मिळून, आणि तोही आधीच घेतलेल्या उचलीतून, म्हणजे आगाऊ पैशांतून, वळता होतो. पोटात बाळ आहे म्हणून यातलं काय कमी होणार? मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघं. एक बसला तर कोयता अर्धा.

अवजड उचलणं आणि तासन्‌तास वाकून राहणं यांनी गर्भ पडण्याची आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होण्याची जोखीम वाढते. उन्हाचंही तसंच. तामिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठातल्या संशोधकांनी मिठागरं, वीटभट्ट्या, शेतं अशा ठिकाणी काम करणाऱ्या ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. जास्त उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपात आणि मृत बाळ जन्मण्याची जोखीम जवळपास दुप्पट दिसली. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये फडात वारा नसतो, पाचटाची धग असते आणि बाई पाणी कमी पिते, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. कमी पाणी प्यायलं की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि तो गरोदरपणात वर चढला की ताप येऊन वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. आडोसा नसणं आणि गर्भ पडणं यांच्यात एवढंच अंतर आहे. यात रक्त कमी असणं धरा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. माझ्याकडे हंगामाहून परतलेल्या गरोदर मुलींचं हिमोग्लोबिन सात-आठ निघणं नवीन नाही, आणि हव्या असलेल्या अकराच्या मानाने ते फार खाली आहे.

आणि मिश्री. सकाळी मिश्री लावली की भूक मरते, म्हणून फडावर बायका दिवसातून चार-चार वेळा लावतात. ती तंबाखूच आहे. गरोदरपणात मृत बाळ जन्मण्याचा धोका तिने वाढतो. बहीण लावत असेल तर आजच सोडायला सांगा. रागावून सुटत नाही, तिच्याजवळ बसून बोला.

आता दिवस का राहत नाहीत. दरवर्षी पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, पाडव्याच्या आगेमागे, माझी ओपीडी भरते. तिथला एक प्रसंग सांगते. केजकडची एक मुलगी सासूबरोबर आली. मी विचारलं, किती वेळा दिवस राहिले होते? सासू म्हणाली, ‘एकदा, तेही पडलं.’ मी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. मुलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच सांगितलं, ‘तीनदा. दोनदा महिना चुकला होता, मग अंगावरून गेलं. सांगितलं नाही कुणाला.’ तिच्या तळहाताला कोयत्याच्या मुठीचे घट्टे होते आणि करंगळीजवळ जुनी, वाकडी भरलेली जखम होती. मी विचारलं, अंगावरून गेल्यावर काय केलं? म्हणाली, एक दिवस कोपीत पडून राहिले, गूळ खाल्ला, दुसऱ्या दिवशी कामाला गेले. ताप किती दिवस होता? आठ-दहा दिवस.

मला हव्या असलेल्या उत्तराचा अर्धा भाग त्या आठ-दहा दिवसांत होता. गर्भ पडल्यावर आत काही तुकडे राहिले आणि ते वेळेवर निघाले नाहीत तर पिशवीत जंतू वाढतात. ते तिथून नळ्यांत चढतात. आतून नळी चिकटते, बंद होते. ताप आपोआप उतरतो, बाई कामाला लागते, पाळीही येते, बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण बाईचं अंडं आणि पुरुषाचं बीज भेटण्याची वाट बंद झालेली असते. तीन वर्षांनी तिला ‘वांझ’ म्हणतात. त्या मुलीची नळ्यांची तपासणी केली तेव्हा एक नळी पूर्ण बंद निघाली, दुसरी उघडी होती. जंतुसंसर्गाचं औषध नवरा-बायको दोघांना दिलं, रक्त वाढवलं आणि दीड वर्षाने तिला दिवस राहिले. सगळ्यांच्या नशिबी दुसरी नळी उघडी नसते.

गर्भ पडल्यावर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासून घेणं, गरज असेल तर पिशवी रिकामी करून घेणं, आठवडाभर गोळ्या आणि विश्रांती, एवढ्यावर हे टळू शकतं. गाडीभाडं आणि तीन-चार दिवसांचे खाडे, एवढाच त्याचा खर्च. तोच परवडत नाही, आणि मग पुढे दोन लाखांचा आकडा ऐकावा लागतो.

क्षयरोग विसरू नका. फुप्फुसाचा टीबी सगळ्यांना माहीत आहे, पण तोच जंतू बाईच्या नळ्यांत आणि पिशवीत जाऊन बसतो. खोकला नसतो, कधी बारीक ताप, कधी पाळी कमी होते, कधी काहीच नाही. आपल्या देशात नळ्या बंद होण्याच्या मोठ्या कारणांत तो आहे, आणि तो कुपोषणाच्या आणि एका कोपीत पाच-सहा माणसं झोपण्याच्या वाटेने येतो. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तपासणी आणि औषधं सरकारीत फुकट आहेत.

रक्तगटाची गोष्टही विचारून घ्या. बहिणीचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर साडेपाच महिन्यांचं पोट पडल्यावर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायला हवं होतं. ते चुकलं तर पुढच्या वेळी आईचं रक्तच बाळाच्या रक्तपेशी फोडू शकतं. माझ्याकडे एक बाई आली होती, ओळीने दोन बाळं सातव्या-आठव्या महिन्यात सुजून गेली होती. गावात करणी झाली म्हणून कोंबडी, नारळ, लिंबू सगळं झालं होतं. तिच्या रक्तगटाचा कागद कुणी वाचलाच नव्हता. रक्तगट तपासायला काही मिनिटं लागतात.

नवऱ्याचं काय? ताई, तुमच्या पूर्ण प्रश्नात नवऱ्याची एकही तपासणी आलेली नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूने काहीतरी कमी असतं, कधी एकट्या त्याच्या, कधी दोघांच्या. इथे दोनदा दिवस राहिले होते म्हणून तो निर्दोष, असं धरता येत नाही. मधल्या वर्षांत संसर्ग, दारू, तंबाखू यांनी बीज कमी होऊ शकतं. वीर्यतपासणी काही शे रुपयांत होते, बाईला टोचावं-कापावं लागत नाही, म्हणून ती सगळ्यांत आधी करायची. प्रत्यक्षात ती सगळ्यांत शेवटी होते, किंवा होतच नाही. मी अशा बायका पाहिल्यात ज्यांची पिशवी तीन-तीन वेळा ‘साफ’ केली गेली आणि नवऱ्याने एकदा बाटलीत नमुना दिला नव्हता. ती ‘साफसफाई’ वरचेवर केल्याने पिशवीचं अस्तर आतून चिकटतं, पाळी कमी होते आणि मग गर्भ रुजायला जागाच उरत नाही. कारण नसताना कुणी पुन्हा साफ करू म्हणालं तर कशासाठी ते विचारा.

लग्न १६व्या वर्षी झालं, हेही या सगळ्यात आहे. बीड जिल्ह्यात राष्ट्रीय पाहणीनुसार १८च्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे, राज्याचं बावीसच्या आसपास. कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. आई-बाप उसाला गेले की वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि जोडी असली की उचल जास्त मिळते. पण १६-१७ व्या वर्षी तिचं स्वतःचं अंग भरायचं असतं. तेव्हा राहिलेला गर्भ तिच्याच रक्तातून हिस्सा मागतो.

शहरात हे नसतं असं नाही, तिथे वेगळं असतं. लग्न ३२ ला, घराचे हप्ते, बढती होईपर्यंत मूल नको, मग ३७ला दवाखान्याच्या फेऱ्या. ट्रक चालवणाऱ्याची, सैन्यातल्या जवानाची बायको वर्षातून थोडेच दिवस नवऱ्याबरोबर असते आणि मूल होत नाही म्हणून औषधं खाते. पण शहरातल्या नोकरदार बाईला एक आधार आहे जो तुमच्या बहिणीला नाही. मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा लिहिलेली आहे. पुष्कळ शिकलेल्या बायकांनाही ती माहीत नसते, त्यांनी ती मागावी. उचलीवर काम करणाऱ्या बाईसाठी मात्र ना नोकरीचा कागद, ना हजेरीपट, ना रजा. लाखो बायका साखर ज्याच्यावर उभी आहे ते काम करतात आणि गर्भ पडला तर खाड्यात मोजल्या जातात. हे मला २४ वर्षांत कधी सवयीचं झालं नाही. निदान गरोदर आणि नुकताच गर्भपात झालेल्या बाईचा खाडा धरू नये, एवढं कारखान्यांनी आणि मुकादमांनी करारात लिहून घ्यावं असं मी जिथे बोलावतील तिथे सांगत असते.

दोन लाखांच्या टेस्ट ट्यूबबद्दल. ते उपचार खरे आहेत आणि दोन्ही नळ्या बंद असतील तर त्यांची गरजही लागते. पण एका वेळी यश येईलच असं नसतं, निम्म्याहून जास्त वेळा पहिल्या खेपेला येत नाही. गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय मोफत सुरू झाली आहे. आपल्या भागातल्या गरीब जोडप्याला मात्र आज बहुतेक खिशातूनच करावं लागतं. माझी हात जोडून विनंती आहे की त्यासाठी मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊ नका. मी हे घडताना पाहिलंय. उपचारासाठी उचल, उचल फेडायला दुप्पट काम, उपचाराच्या तारखा नेमक्या हंगामात, तारीख चुकते, पैसे जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उचल. २३ व्या वर्षी तुमच्या बहिणीच्या हातात वेळ आहे. आधी स्वस्तातल्या तपासण्या होऊ द्या.

दुसऱ्या लग्नाचं जे बोलणं चाललंय, त्याबद्दल सासरच्यांना शांतपणे सांगा की हिंदू विवाह कायद्याखाली पहिली बायको असताना, तिच्याशी कायदेशीर फारकत नसताना दुसरं लग्न लागतच नाही आणि तो गुन्हाही आहे. मारहाण किंवा उपाशी ठेवणं असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. माझा अनुभव असा की नवऱ्याचा तपासणीचा कागद घरात आला की दुसऱ्या लग्नाची भाषा बऱ्याचदा खाली येते.

आता करायचं काय. या दिवाळीनंतर शक्य असेल तर बहिणीला हंगामाला पाठवू नका. उचल आधीच घेतली असेल आणि जाणं भागच असेल, तर निघण्याआधी दोघांना घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात या. तिचं हिमोग्लोबिन, रक्तगट, थायरॉइड, साखर, सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी, एक सोनोग्राफी, आणि त्याची वीर्यतपासणी. नळ्यांची तपासणी पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत करतात, तेव्हा पाळीची तारीख लिहून आणा. त्याआधी पांढऱ्या पाण्याचा उपचार दोघांनी पूर्ण घ्यायचा, तिने एकटीने घेतला तर संसर्ग परत येऊ शकतो. रक्त फार कमी असेल तर शिरेतून लोह देता येतं, ते सरकारीत मिळतं. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासूनच सुरू करायची, आशाताईंकडे मिळेल. पुन्हा दिवस राहिले तर माता-बाल संरक्षण कार्ड कोपीत सोबत ठेवायचं, ते कुठल्याही जिल्ह्याच्या आरोग्य केंद्रात चालतं. आणि रक्त दिसलं, ताप आला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा.

येताना जुने कागद सगळे आणा, फाटलेले, भिजलेले, हळदीचे डाग पडलेलेही. ज्यांनी पिशवी काढायला सांगितली त्यांची सोनोग्राफीही आणा. सासूबाई आल्या तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवू, पण नवरा आत हवा.